मधला कप

मधल्या कपातला फेस जरा उशिरा विरला. डाव्या-उजव्या कपांतला केव्हाच काठाला जाऊन चिकटला होता. मधला आणखी चार-पाच सेकंद टिकला. गेशे हार्म्सनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. चाखण्याच्या खोलीत डोळ्यांचं ऐकायचं नाही, हा तिचाच नियम होता.

तिनं चांदीचा चमचा बुडवला, सुर्रकन घोट ओढला, जिभेवर फिरवला, थुंकला. डावा कप, मधला, उजवा. कडू, किंचित आंबट, कोमट. तिन्ही सारखे.

"फरक नाही," ती म्हणाली.

"नक्की?" फोल्कर्टनं विचारलं.

हल्ली तो दर वेळी हेच विचारायचा. तेही तिच्याकडे न बघता.

ब्रेमेनच्या त्या कारखान्यात कॉफीच्या कच्च्या बियांतलं कॅफीन काढत. बिया वाफेवर फुगवायच्या, द्रावणात तासन् तास धुवायच्या, पुन्हा वाफ देऊन द्रावण घालवायचं, मग वाळवायच्या. वाफ जास्त झाली की बी उकडते आणि कॉफीला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. म्हणून प्रत्येक घाणा आधी गेशेपुढे येई. दोन कप धुतलेल्या बियांचे, एक त्याच पोत्यातल्या न धुतलेल्या बियांचा. कुठला कुठे, ते फक्त आतल्या खोलीत कप भरणाऱ्या फोल्कर्टला ठाऊक. वेगळा कप तिला ओळखता आला, तर घाणा बिघडलेला. नाही आला, तर पास, आणि चिठ्ठीवर तिची सही.

एकोणतीस वर्षं ती आठातला एक घाणा तरी परत पाठवत आली होती. फेब्रुवारीत दोन आठवडे तापानं घरी पडली, आणि परत आल्यापासून एकही नाही. छत्तीस घाणे, छत्तीस सह्या. त्या दोन आठवड्यांत इथं काहीतरी शिजलं, अशी तिची खात्री होती. मागच्या महिन्यात एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून पत्र आलं, की तुमच्या कॉफीला पुठ्ठ्याचा वास येतो. चिठ्ठीवर सही गेशेची.

म्हणजे फोल्कर्ट तिन्ही कप एकाच किटलीतून भरत होता. तिला दुसरं उत्तर दिसत नव्हतं. कप आणण्याआधी तो ते हुंगायचा, तिचं झालं रे झालं की मोरीत ओतायचा. हेतूही उघड होता. तुमच्यानंतर कोण, असं मालक ब्र्युनिंग तिला दोन वर्षं विचारत होते, आणि ती दोन वर्षं "बघू" म्हणत होती. त्या खोलीत चाखणारा आपल्या मदतनिसाला 'तुम्ही'च म्हणे. ज्याच्या हाती चमचा द्यायचा, त्यालाच एक दिवस 'तू' म्हणायचं. तिच्या आधी चाखणाऱ्या म्हाताऱ्या ल्यूडरनं तिला तसंच म्हटलं होतं. फोल्कर्टला सहा वर्षं झाली तरी 'तुम्ही'च होतं.

काल तिनं ब्र्युनिंगना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुरावा आणा, त्याच दिवशी त्याला घरी पाठवतो. पण दोन मुलींचा बाप आहे, नुसत्या संशयावर नाही.

आज फोल्कर्टनं कप उचलायला हात पुढे केला, तेव्हा गेशे म्हणाली, "राहू द्या." तिनं खिशातून तीन बाटल्या काढल्या, तिन्ही कप त्यांत ओतले आणि डावी, मधली, उजवी अशा चिठ्ठ्या लावल्या. फोल्कर्टचा चेहरा पडला. तिनं हेही मनात टिपून ठेवलं.

वर प्रयोगशाळेत आंत्ये बटरकेक खात बसली होती. दोघींची वीस वर्षांची मैत्री.

"आता उष्टं पण मीच तपासायचं का?" आंत्येनं बाटल्या घेतल्या आणि केकचा तुकडा पुढे केला.

गेशेनं तो चावला आणि उरलेला बशीत ठेवला. बेकरीवाले लोणी घालताना हात आखडतात, ती म्हणाली. वसंतापासून तिनं दोन बेकऱ्या बदलल्या होत्या.

"मला तर झकास लागतोय. महाराणींची जीभ फारच वर गेलीय." आंत्ये हसली. "तीन वाजता ये."

तीन वाजता आंत्येनं कागद पुढे सरकवला. डाव्या-उजव्या बाटल्यांत कॅफीन जवळजवळ नाही. मधलीत पुरेपूर.

गेशेनं कागद दोनदा वाचला. यंत्र चुकलं असेल का, तिनं विचारलं.

"याला यंत्र कशाला हवं?" आंत्ये म्हणाली. "बुचं काढली तशी डावी-उजवी अशी काही भपकली, की मी खिडकी उघडली. ओला पुठ्ठा नुसता. हा घाणा कुणी पास केला?"

तिनं डावी बाटली गेशेच्या नाकाशी धरली. गेशेनं डोळे मिटले, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बशीत राहिलेला केक उचलला, आणि तोही नाकाशी धरला.

खाली चाखण्याच्या खोलीत ब्र्युनिंग येऊन उभे होते. फोल्कर्ट कप पुसत होता. एकच कप, केव्हाचा.

"मिळाला पुरावा?" ब्र्युनिंगनी विचारलं.

"मिळाला." गेशेनं सकाळची चिठ्ठी टेबलावरून उचलली, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली, आणि चांदीचा चमचा फोल्कर्टपुढे धरला. "सोमवारपासून तू चाख. आणि नक्की का, ते विचारू नकोस."