अनोळखी माणसांचा सर्व्हर

"या खोक्याला एसी, आणि मी पंख्याखाली!" बायको दारातूनच त्याला म्हणाली.

खोलीभर त्याने घरीच चालवलेल्या सर्व्हरची गुणगुण तरंगत होती. त्यावरून अनोळखी माणसं एकमेकांना निरोप पाठवत. कुणाचंही नाव नोंदवणार नाही, हा त्याने दिलेला शब्द. म्हणूनच आता वीज आणि नव्या डिस्कसाठी वर्गणी कुणाकडे मागावी, त्याला कळेना.

"पण अजून आहे का कुणी तिथे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बंदच करतो." त्याने बटणावर बोट ठेवलं.

हिरवा दिवा लुकलुकला.

थांबला.

पुन्हा लुकलुकला.

"अहो, हे काय?"

"कुणीतरी कुणालातरी काही सांगतंय."

"काय?"

"ते मलाही दिसत नाही."

ती जमिनीवर बसली. पाण्याखालून यावा तसा तो उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत राहिला.

"बोट काढा," ती कुजबुजली. "बोलू दे त्यांना."