परराष्ट्राची विहीर

दूरच्या त्या दोन देशांनी नदीचं पाणी वाटून घ्यावं, असा ठराव चर्चच्या हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय शांतता व न्याय समितीने एकमताने मंजूर केला. मांडला पास्कोलने, अनुमोदन दिलं त्याच्या धाकट्या भावाने, इनासने. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे सारं अध्यक्षांमार्फत झालं.

चहा आला तेव्हा इनासची बायको फिलोमिना उभी राहिली. "आमच्या सामाईक विहिरीच्या पंपाला भावोजींनी कुलूप घातलंय. आमची केळी वाळायला लागलीत. त्याचं काय?"

अध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. "फिलूबाय, घरगुती भांडण आपल्याकडे येत नाही. समिती आंतरराष्ट्रीय आहे."

"मग आम्हाला देश करा की."

नियमावलीत याला मनाई नव्हती. बिस्किटं संपायच्या आत कुंपणाला सरहद्द ठरवून दोन्ही घरांना राष्ट्राचा दर्जा देण्यात आला. रविवारी मिस्सामध्ये दोन्ही राष्ट्रांसाठी प्रार्थना झाली आणि पास्कोलने सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

सोमवारी सकाळी पंपाचा आवाज ऐकून फिलोमिना कुंपणापाशी धावली. पलीकडे पास्कोल कुलूप खिशात टाकत होता, आणि केळीच्या पाटातून पाणी येत होतं.

"समेट झाला म्हणायचा का, भावोजी?"

"कुणाशी?" पास्कोल म्हणाला. "शेजारच्या राष्ट्राला पाणी द्यायला माझी कधीच ना नव्हती. भावाला मात्र थेंब देणार नाही."