न वितळणारा उतार

जूनच्या कडक उन्हात आल्प्समधल्या त्या रिसॉर्टवर लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून स्कीइंग करत होते. कुमुदिनी देवधर रोपवेतून उतरल्या आणि थेट व्यवस्थापकाकडे गेल्या. त्यांचा मुलगा सौमित्र इथेच इंजिनिअर होता. जानेवारीत बर्फाचा कडा कोसळला, त्याखाली तो गाडला गेला आणि अजून सापडला नव्हता.

"उन्हाळ्यात बर्फ वितळला की माणसं सापडतात, असं गावात सांगितलं होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून इतके दिवस थांबले."

व्यवस्थापक लुकासने नजर वळवली. "ते जुन्या बर्फाचं, मॅडम. हा आम्ही प्रयोगशाळेत बनवलेला आहे. तो वितळत नाही."

"मग खणून काढा त्याला."

"त्यासाठी सगळा उतार बंद ठेवावा लागेल. आता आमचा हंगाम संपतच नाही." त्याने खिडकीतून ती जागा दाखवली. "आम्ही त्या उताराला सौमित्रचं नाव देणार आहोत."

कुमुदिनीबाई बाहेर पडल्या, उतार चढून त्या जागी पोचल्या आणि गुडघे टेकून बर्फ उकरू लागल्या. वरून घसरत येणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. एक मुलगी मात्र थांबली.

"काही हरवलंय का तुमचं?"

"हो," असं म्हणून त्या उकरतच राहिल्या. त्यांचे हात ओलेसुद्धा होत नव्हते.