दोरगल्लीचा पत्ता

"काही आढळले नाही." पडद्यावर ही ओळ सातव्यांदा उमटली आणि लेकीचं तोंड एवढंसं झालं.

आई मागे उभी होती. टपाल कचेरीतली सॉर्टिंगची पाळी संपवून ती वाचनालयात आली होती. आल्यापासून आपण नुसत्या खांबासारख्या उभ्या आहोत, हे तिला खात होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी लेकीने गावातल्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचा महिनाभर ध्यास घेतला होता. उद्यापर्यंत कारखाना चालू होता त्या काळचा एक तरी पुरावा दाखव, नाहीतर विषय बदल, असं बाईंनी बजावलं होतं.

ग्रंथपालकाका भले माणूस. जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ त्यांनीच उघडून दिलं. लेक आधी 'कारखाना कधी सुरू झाला ते कृपया सांगाल का' असं टाइप करत होती.

"अगं, संकेतस्थळ काय तुझी मावशी आहे? गप्पा नकोत, नेमके शब्द दे," काका हसले होते.

नुसतं 'बर्फ कारखाना' टाकलं की गावोगावच्या हजार बातम्या. कारखान्याच्या रस्त्याचं नाव, 'उद्यान मार्ग', जोडलं की शून्य. सहाला वाचनालय बंद होणार होतं.

"चल, दुसरा विषय घेते," लेक म्हणाली.

"थांब. पत्र परत पाठवण्याआधी पत्ता तीनदा वाचायचा असतो," आई नकळत बोलून गेली आणि खाली वाकली. "उद्यान मार्ग? अगं, तेव्हा उद्यान होतंच कुठे! दोरगल्ली म्हणायचे त्याला. अजून आठवड्याला दोन पत्रं येतात त्या पत्त्यावर. म्हातारी माणसं पत्ता बदलत नाहीत."

लेकीने 'दोरगल्ली' लिहिलं.

चौदा बातम्या आल्या. पहिलीतच फोटो होता, कारखान्याच्या दारात बर्फाच्या लादीशेजारी उभे असलेले कामगार. लेक खुर्चीतून उठली आणि भर वाचनालयात आईच्या गळ्यात पडली. काकांनी शांतता राखण्याच्या पाटीकडे पाहिलंच नाही.

मग लेकीने प्रकल्पाचा तक्ता भरला. 'वापरलेली शोधसाधने' या रकान्यात संकेतस्थळ आलं, ग्रंथालयाची सूची आली आणि त्याखाली 'आई'.

"खोड ते," आई कानापर्यंत लाल झाली. "बाई हसतील. मी काय साधन आहे?"

काकांनी चष्मा वर सरकवून तक्ता वाचला. "खोडायचं नाही. पण अर्धवट आहे. साधन कुठे मिळेल, तेही लिहावं लागतं."

लेकीने क्षणभर पेन चावलं आणि लिहिलं: 'टपाल कचेरी, सॉर्टिंग विभाग. सकाळी सहा ते दुपारी दोन.'

आईला भरून आलं. ती पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली.

लेकीने पेनाचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं, आणि पुढे दोनच शब्द जोडले: 'त्यानंतर घरी.'