बेट उजव्या हाताला

विघ्नेशचा फोन आला तेव्हा शारजात चार वाजले होते. शिकायला स्कॉटलंडला गेलेला अनुराधाचा मुलगा आज दिवसभरासाठी एकटाच एका लहानशा बेटावर फिरायला गेला होता. जुन्या साधूंचं बेट, त्यांचं दगडी चर्च.

"सगळ्या बेटाला फेरी घालून ये," ती म्हणाली. "बेट उजव्या हाताला ठेव."

"आई, इट्स नॉट अ टेम्पल."

"देव आहे ना तिथे? मग घाल प्रदक्षिणा. अर्धी सोडायची नाही."

"ओके, ओके. बाबांना दे ना."

"झोपलेत ते."

दीड तासाने पुन्हा फोन आला. "पुढे नुसता चिखल आहे, बूट आत जातायत. मी मागे फिरतोय."

"मागे फिरू नकोस." ती इतक्या जोरात बोलली की शेजारच्या खुर्चीतली बाई वळून बघायला लागली.

सात वाजता तो धापा टाकत म्हणाला, "खलास, झाली पूर्ण. शेवटची बोट तासाभरात आहे. आता तरी उठव बाबांना."

अनुराधाने समोर पाहिलं. ऑपरेशन थिएटरचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले होते. विघ्नेशच्या बाबांना आत नेताना दोन तास म्हणाले होते, आता म्हणाले, "अजून काहीच सांगता येत नाही." शेवटचा पेपर परवा होता, म्हणून विघ्नेशला कोणी काही कळवलं नव्हतं.

"आई? आहेस ना?"

"ती बोट जाऊ दे," ती म्हणाली. "अजून एक घाल."