विहिरीपाशी बंद पडणारी जीप

दूध संघाचे चेअरमन सुंदरराव यांच्या जुन्या जीपचं कार्बोरेटर काढून बीडच्या सटवा मिस्त्रीनं फ्युएल इंजेक्शन बसवलं, आणि तेव्हापासून जीप चकलांब्याच्या एकाच विहिरीपाशी बंद पडू लागली. मागच्या दुष्काळात सुंदररावांनी गावचा टँकर आपल्या मोसंबीकडे वळवला होता. घागरभर पाण्यासाठी याच विहिरीत उतरलेली सटवाची बहीण दगडाबाई जिवंत वर आली नव्हती.

भर दुपारी सटवानं तिथंच बॉनेट उघडलं. अर्थिंग, रिले, सेन्सर, एकेक वायर तपासली. कुठंच खोट नव्हती. शेवटी त्यानं बॅटरी काढून खाली ठेवली.

पेट्रोलचा पंप घुंघुं करू लागला. मग इंजिन सुरू झालं.

"झाली की बे चालू!" आत बसलेले सुंदरराव खुशीत म्हणाले.

"सायेब, बॅटरी खाली हाय."

जीप हळूहळू विहिरीकडे सरकली. सुंदररावांनी ब्रेक दाबला, दार ढकललं. दार हलेना.

"सटवा, वायर तोड! लवकर!"

खालून कुणी दोर ओढावा, तशी जीप चालली होती. सटवा बघत राहिला.

"कुठली तोडू, सायेब?" त्यानं शांतपणे विचारलं आणि हातातली पक्कड खिशात घातली.