सूत गुंडाळायचं यंत्र

फत्तेसिंगनं यंत्र हातात घेतलं, मूठ दोनदा फिरवली, कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाला, "शेठानीबाई, हाई ते मासा धरानं यंत्र शे."

हुलासबाईंच्या हातातली सुताची लड तशीच राहिली. पर्युषणाचे दिवस होते आणि त्यांच्या अठाईचा, म्हणजे सलग आठ उपासांतला, सातवा उपास. सात दिवस उकळून गार केलेल्या पाण्यावर काढलेले, त्यामुळे आपल्यालाच भोवळ आली असावी असं त्यांना आधी वाटलं.

"काय म्हनना तू?"

"मासा धरानं. खारा पानीमा, समिंदरवर."

फत्तेसिंग सरकारी बंगल्याचा चौकीदार. आधीच्या इंजिनीअर साहेबाबरोबर तो दर हिवाळ्यात नंदुरबारहून गाडीनं सुरतेला आणि तिथून डुमसच्या किनाऱ्यावर जात असे, तेव्हा त्याच्या शब्दावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो साहेब विलायतेला परतला आणि त्याच्या सामानाच्या लिलावात हुलासबाईंच्या मुलानं, केवलचंदनं, खुर्च्या घेतल्या. त्या खुर्च्यांबरोबर हे यंत्र घरात आलं. शहाद्यात ते काय आहे हे कुणालाच सांगता येईना. हुलासबाईंनी मात्र एका संध्याकाळीच निकाल लावला. मूठ फिरवली की तारेची कमान रिळाभोवती फिरते, सूत एकसारखं बसतं, मग हे सूत गुंडाळायचं यंत्र नाही तर काय? त्याला आता आठ वर्षं झाली. गावातल्या सगळ्या जैन बायकांच्या जपाच्या माळा याच रिळावरच्या सुतात ओवलेल्या होत्या. यंत्राला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला हुलासबाईंना खपत नसे. सुनेचासुद्धा.

फत्तेसिंग सांध्यांवरून बोट फिरवत होता. "आठे मीठ जमे, शेठानीबाई. दर सांजले मीच गोडा पानीमा धोये, पुसे, तेल दे. साहेब नुसता वाळूमा फेकी दे."

यंत्र आलं तेव्हा सांध्यांत पांढरं काहीतरी बसलेलं होतं खरं. हुलासबाई त्याला चुना समजल्या होत्या. कोमट पाण्यानं आणि मऊ फडक्यानं त्यांनी ते दोन दिवस बसून काढलं होतं, आणि तेव्हापासून दर पुनवेला तिळाच्या तेलाचा एक थेंब.

"तुम्ही भलती निगा राखेल शे," फत्तेसिंग मनापासून म्हणाला. "साहेबजोडे हाई इतलं हलकं कधीच फिरनं नही."

असलं कौतुक त्या घराला त्याआधी कधी झोंबलं नसेल.

केवलचंद दारात उभा होता. फत्तेसिंगला आत त्यानंच आणलं होतं. नव्या साहेबालाही तोच नाद, दिवाळीनंतर तोही समुद्रावर जायचा होता आणि जुन्या साहेबाचं यंत्र कुठे गेलं याची त्यानं चौकशी केली होती. त्याच साहेबाचा नवा रस्ता केवलचंदच्या दुकानासमोरून जायचा होता. खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि दुकानाचा ओटा खुंट्यांच्या आत येत होता. साहेब ओट्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. बोलायची गरजही नव्हती.

"आनि हाऊ पेच?" हुलासबाईंनी विचारलं. सूत सैल पडू नये म्हणून त्या तो आवळत असत.

"मोठा मासा ताने तव्हय तो ढिला कराना. नहीते दोरी तुटस. त्याले पळू देवानं, थकू देवानं. थकना का मंग मूठ फिरावानी."

"गळले काय लावतस?"

फत्तेसिंगनं खरं ते सांगितलं. "जित्ता बारीक मासा. मरेलले मोठा मासा तोंड लावत नही."

हुलासबाईंनी मांडीवरची माळ बाजूला ठेवली. त्या वेळी गावातल्या चाळीस घरांत बायका याच सुताच्या माळा फिरवत बसलेल्या असणार. त्यांना आधी किळस आली, मग लाज वाटली. आणि मग, त्यांची त्यांनाच कल्पना नव्हती असं झालं. त्यांना यंत्राची दया आली.

"मा," केवलचंद म्हणाला. फत्तेसिंगला कळावं म्हणून तोही अहिराणीत बोलला. "आते ते तू येले हात बी लावाव नही. दी टाकूत साहेबले. घरमाईन पाप बी जाई आनि ओटा बी वाची."

मुलाचं म्हणणं बिनतोड होतं. हुलासबाई फत्तेसिंगकडे वळल्या.

"फत्तेसिंग, साहेबना घर जाईसन हाई काय करी?"

"मासा धरी. आते ते आखो जास्त धरी. इतलं हलकं फिरस ते."

हुलासबाईंनी हात पुढे केला. फत्तेसिंगनं यंत्र परत दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, त्याच्या बोटांचे ठसे निघेपर्यंत, आणि मांडीवर ठेवलं.

"मा, ओटा जाई," केवलचंद हळूच म्हणाला. त्याच ओट्यावर त्याचे वडील तीस वर्षं बसले होते. हे हुलासबाईंना सांगायला नको होतं.

"जाऊ दे." हुलासबाई म्हणाल्या.

फत्तेसिंग उठला. त्याला तर रिकाम्या हातानं बंगल्यावर जायचं होतं. "मंग साहेबले काय सांगू, शेठानीबाई?"

हुलासबाईंनी मांडीवरच्या यंत्रावर हात ठेवला. "सांग, मन्हा उपासले सात दिन झायात, येन्हा उपासले आठ वरीस. मी तो मोडाव नही."